घोडबंदर रोडवरचं मालवणी हॉटेल आणि लॉज: कॅमेऱ्यांच्या कामाच्या नोंदी

१७ जुलै २०२५, गुरुवार. साइट पाहणी.

कापूरबावडीच्या पुढे, रोडला लागून. खाली फॅमिली सेक्शन, त्याच्या मागे परमिट रूम. पहिल्या मजल्यावर दीडशे पानांचा हॉल. दुसऱ्या-तिसऱ्यावर लॉज, २२ खोल्या. मागच्या गल्लीत मालाचं गेट, सिलिंडरचा पिंजरा आणि पार्किंग. समोर मेट्रोचं काम, त्यामुळे बाहेरच्या कुठल्याही वस्तूवर बोट फिरवलं की सिमेंट हाताला लागतं.

जुनी सिस्टीम १६ चॅनलच्या डीव्हीआरची, म्हणजे रेकॉर्डरची. १४ कॅमेरे लावलेले, ९ चालू. त्यातल्या दोनांत रात्री फक्त कोळ्याचं जाळं दिसतं, कारण आयआरचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या डोळ्याला न दिसणाऱ्या दिव्यांचा, उजेड आधी जाळ्यावर पडतो आणि मागचं सगळं काळं होतं. घड्याळ ३७ मिनिटं पुढे. रेकॉर्डिंग सहा दिवसांचं निघालं. मालक इतकी वर्षं महिन्याभराचं आहे असं धरून चालले होते. कोणी कधी मागे जाऊन बघितलंच नव्हतं.

मालक मूळचे मालवणकडचे. आल्या आल्या म्हणाले, "गल्ल्यार एक, भटारखान्यात दोन, बाकी खंय लावचे ते तू ठरव. बत्तीस लाव, पण माका परत परत कटकट नको."

आकडा मी आधी सांगत नाही. प्रत्येक जागेपाशी मालकांना उभं करून एकच विचारलं: इथे काही झालं तर कॅमेऱ्याकडून तुम्हाला काय कळायला हवं? गल्ल्यापाशी उत्तर तयार होतं. गिऱ्हाईक म्हणतं पाचशेची नोट दिली, कॅशियर म्हणतो दोनशेची. पार्सल काउंटरलाही तसंच. ॲपवरून तक्रार येते की सोलकढी आलीच नाही, पैसे कापले जातात, आणि डब्यात काय गेलं याचा पुरावा कोणाकडे नसतो. मागच्या गेटला मालक स्वतःहून थांबले. पहाटे मासळी उतरते, काटा तिथेच आहे, आणि काट्यावर किती लागलं आणि वहीत किती चढलं हा या हॉटेलातला जुना वाद आहे.

हॉलमध्ये मात्र उत्तर आलं ते "सगळा दिसूक होया." सगळं दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात चेहरा एकाचाही ओळखू येत नाही. हे आत्ता पटणार नाही, स्क्रीनवर दाखवावं लागेल.

काम श्रावणात करायचं ठरलं. मासळीचं हॉटेल, श्रावणात निम्म्याहून जास्त टेबलं रिकामी असतात. गणपतीच्या आत संपवायचं.

२४ जुलै, गुरुवार. रात्रीची पाहणी.

दीप अमावास्या, म्हणजे गटारी. मालक म्हणाले आज येऊन काय करणार, पाय ठेवायला जागा नाही. म्हणूनच गेलो. कॅमेऱ्याची जागा रिकाम्या हॉटेलात ठरवली की हमखास फसते.

गल्ल्यासमोर लोक तीन ओळींत उभे. दिवसा जी जागा उत्तम वाटली होती, दारावरून गल्ल्याकडे बघणारी, तिथून आता फक्त पाठी दिसत होत्या. कॅमेरा गल्ल्याच्या मागे, वरून खाली बघणारा हवा, ड्रॉवर आणि काउंटरचा पाट दोन्ही चौकटीत. परमिट रूममध्ये लाल-पिवळे मंद दिवे, त्यात रंग ओळखता येत नाहीत. शर्ट मरून होता की काळा, हे तिथल्या फुटेजवरून कोणी छातीठोक सांगू नये.

मुख्य दरवाजा काचेचा. बाहेर घोडबंदरची वाहतूक, वळणाऱ्या ट्रकचे दिवे सरळ आत. साधा कॅमेरा इथे आत येणाऱ्या माणसाची फक्त काळी आकृती देतो. १२० डीबीचा खरा डब्ल्यूडीआर हवा, म्हणजे एकाच चौकटीतला लख्ख उजेड आणि अंधार दोन्ही सांभाळणारा. खोक्यावर ‘डिजिटल डब्ल्यूडीआर’ लिहिलेलं असतं ते म्हणजे सॉफ्टवेअरने सावल्या उजळलेल्या असतात, काचेच्या दारापुढे त्याचा उपयोग नाही.

परत निघालो तेव्हा रोडवर दोन वेगवेगळ्या बारची माणसं एकाच रिक्षासाठी भांडत होती. श्रावण उद्यापासून.

२८ जुलै, सोमवार. नकाशा आणि लेन्स.

कॅमेरे २६ ठरले. मालकांचे बत्तीस कमी झाले ते आनंदाने नाही, पण दर कमी झाल्यावर वाद मिटला.

लेन्सचा हिशेब इथे लिहून ठेवतो, कारण पोरं अजूनही सगळीकडे २.८ मिमी लावायला धावतात. १/३ इंची सेन्सरची रुंदी साधारण ४.८ मिमी. ती गुणिले अंतर, भागिले लेन्स, म्हणजे त्या अंतरावर चौकटीत किती मीटर रुंदी येते ते. रिसेप्शनच्या भिंतीपासून मुख्य दार ८ मीटरवर आहे. २.८ ची लेन्स लावली तर ४.८ × ८ ÷ २.८, म्हणजे जवळजवळ १३.७ मीटर रुंदी. ४ मेगापिक्सलच्या कॅमेऱ्याची आडवी २५६० टिंबं (पिक्सेल) त्यात वाटली की मीटरला १८७ येतात. आंतरराष्ट्रीय मानक (आयईसी ६२६७६-४) अनोळखी माणूस ओळखण्यासाठी मीटरला २५० मागतं, ओळखीचा माणूस ओळखायला १२५. म्हणजे २.८ मध्ये आमचा वेटर ओळखू येईल, चोर नाही. ६ मिमी लावली की रुंदी ६.४ मीटर, मीटरला ४०० टिंबं. दार तेवढ्यात पूर्ण बसतं. ६ ठरली.

हॉलसाठी मालकांना फिरता कॅमेरा हवा होता, मेहुण्यांच्या हॉटेलात आहे म्हणून. नाही म्हटलं. तो एका वेळी एकाच बाजूला बघतो, आणि लग्नात पाकीट नेमकं दुसऱ्या बाजूला जातं. त्याऐवजी दोन कोपऱ्यांत दोन स्थिर, आणि हॉलच्या जिन्यावर चेहऱ्याच्या उंचीला एक. हॉलमध्ये काय झालं ते दोघे सांगतील. कोण आलं, कोण गेलं ते जिन्यावरचा सांगेल.

३१ जुलै, गुरुवार. केबल.

सप्लायरने पाठवलेल्या कॅट-६ च्या पेट्या उघडल्या. एक पेटी उचलतानाच हलकी लागली. तार सोलून ब्लेडने खरवडली तर वरचा तांब्याचा रंग गेला आणि आत पांढरं ॲल्युमिनियम. सीसीए. खोक्यावर मात्र ठळक ‘कॉपर’.

डेटा सीसीएवरूनही जातो, म्हणून टेस्टरवर सगळे दिवे हिरवे लागतात आणि माल खपतो. खरी अडचण पीओईची. त्याच तारेतून कॅमेऱ्याला वीजही जाते, ॲल्युमिनियमचा रोध जास्त, व्होल्टेज वाटेत पडतं. दिवसा कॅमेरा चालतो, संध्याकाळी आयआर लागले की लोड वाढतो आणि कॅमेरा बंद-चालू होत बसतो. मग लोक कॅमेऱ्याला दोष देतात. पीओईच्या ८०२.३ एएफ मानकात पोर्ट १५.४ वॅट देतो आणि कॅमेऱ्यापाशी १२.९५ पोचतील असं धरलंय, ते चांगल्या तांब्याच्या तारेवर आणि १०० मीटरच्या आत. सगळ्या पेट्या परत. दुसरीकडून आणल्या, प्रत्येक पेटीतली एकेक तार खरवडून बघूनच आत घेतल्या.

मागच्या गेटचं अंतर रॅकपासून वाटेने मोजलं तर शंभराच्या पुढे जातं. पहिल्या मजल्याच्या शाफ्टमध्ये आठ पोर्टचा स्विच टाकला, तिथपर्यंत फायबर. पुढे मागेही पार्किंग वाढलं तर जागा राहील.

हॉलच्या फॉल्स सीलिंगवर चढलो तेव्हा जुन्या कॉक्स केबलची जाळी, वापरात नसलेले पंख्यांचे पाइप आणि एका वाढदिवसाचा फुगा सापडला. मदतनिसाला जुनी वायर पूर्ण काढायला सांगितली. तिथेच ठेवून वरून नवी ओढली की पुढच्याला कळत नाही कुठली जिवंत आहे.

५ ऑगस्ट, मंगळवार. लॉजचे मजले, आणि जिथे लावायचे नाहीत त्या जागा.

बोळ २८ मीटर. एका टोकाला एक कॅमेरा लावून भागत नाही. कॉरिडॉर मोडमध्ये कॅमेरा उभा फिरवतात, म्हणजे चित्र उंच आणि अरुंद येतं, बाजूच्या भिंती वाया जात नाहीत. ४ मिमी लेन्सने १४ मीटरवर मीटरला दीडशेच्या आसपास टिंबं येतात, २८ वर ती निम्मी होतात. म्हणून दोन्ही टोकांना एकेक, तोंडं समोरासमोर. प्रत्येकाला अर्धाच बोळ. शिवाय एकाच्या खालची आंधळी जागा दुसऱ्याला दिसते, त्यामुळे कोणी कॅमेऱ्यावर फडकं टाकायला आला तर तो दुसऱ्यात येतो.

बोळाच्या लांबीने बघणारा कॅमेरा दार उघडल्यावर खोलीत डोकावत नाही, कोण कुठल्या दारात शिरलं तेवढंच दाखवतो. जुन्या सिस्टीममध्ये एक कॅमेरा बरोबर एका खोलीच्या दारासमोर होता. दार उघडलं की पलंग दिसायचा. तो पहिल्यांदा उतरवला. टोकाच्या दोन खोल्यांची दारं तिरकी येतात, त्यांच्या उंबऱ्याच्या आतल्या भागावर मास्क टाकला. मास्क रेकॉर्डिंगमध्येच काळा राहतो, नंतर कोणी काढू शकत नाही.

मग स्टाफच्या खोलीवरून वाजलं. पोरांचे मोबाइल चोरीला जातात म्हणून तिथे एक कॅमेरा हवा असं मॅनेजरचं म्हणणं. तिथे पोरं कपडे बदलतात. लावणार नाही, एवढंच सांगितलं. मॅनेजर म्हणाला, पुरुषच तर आहेत सगळे. आयटी कायद्याचं कलम ६६ई पुरुष-बाई बघत नाही. संमतीशिवाय कोणाच्या खाजगी अंगाचं चित्र घेतलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बायकांच्या बाबतीत न्याय संहितेचं कलम ७७ वेगळं. जुन्यातला लेडीज वॉशरूमच्या पॅसेजमधलाही काढला. तो बेसिनकडे तोंड करून होता, का ते कोणालाच सांगता आलं नाही.

मालक बराच वेळ ऐकत होते. शेवटी मॅनेजरला म्हणाले, "कुलपाची कपाटा घेवन ये." खोलीत लॉकर येणार, आणि बाहेरच्या पॅसेजमध्ये आधीच ठरलेला कॅमेरा आहे, तो दार दाखवतो.

आवाजाचं रेकॉर्डिंग सगळीकडे बंद. गिऱ्हाईक जेवताना काय बोलतं याच्याशी हॉटेलचं काम नाही. फक्त रिसेप्शनच्या एकावर मालकांना आवाज हवा होता, तोही समजावून बंद केला.

८ ऑगस्ट, शुक्रवार. भटारखाना.

इथे घुमट कॅमेरा चालत नाही. घुमटाच्या प्लास्टिकवर तेलाचा थर बसतो, आयआर त्यावरूनच परतून सगळं धुकं दिसतं. आयबॉल घेतले, काच लहान आणि सपाट, पुसायला सोपी. तंदूर आणि मोठ्या शेगड्यांच्या रेषेत एकही नाही, एक्झॉस्टच्या तोंडाशीही नाही. कॅमेऱ्याच्या कागदावर ६० अंशांपर्यंत लिहिलेलं असतं, पण तंदूरच्या वर छताला लागून दुपारी काय तापमान होतं हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

आचाऱ्यांचा सूर सुरुवातीला नाराजीचा होता. मुख्य आचारी म्हणाले, आमच्या मसाल्यावर नजर ठेवायला का? त्यांना मोबाइलवर चौकट दाखवली: पास (तयार ताटं बाहेर द्यायची जागा), मोरी आणि गॅसचा मेन कॉक. मसाला वाटायची जागा चौकटीत नाहीच. मग त्यांनीच सुचवलं की पासवरचा थोडा डावीकडे वळव, केओटीची, म्हणजे ऑर्डरच्या चिठ्ठ्यांची, पिन तिथे असते, टेबल आठची ऑर्डर आली होती की नाही यावर रोज भांडण. वळवला.

या कामात हे नेहमी होतं. ज्यांच्यावर कॅमेरा लागतोय त्यांना चौकट दाखवली की निम्मा विरोध जातो, आणि चांगली जागाही तेच दाखवतात.

१२ ऑगस्ट, मंगळवार. मासळीचा काटा.

नारळी पौर्णिमा झाली, बंदी उठून होड्या बाहेर पडल्यात, मागच्या गेटला ताजा माल परत सुरू. श्रावण असला तरी लॉजची बाहेरगावची गिऱ्हाइकं खातात.

काट्यावरचे लाल आकडे कॅमेऱ्यात अर्धवट येत होते. ८ चा ३ दिसायचा, मध्येच एखादा आकडा गायब. काट्याचा डिस्प्ले सगळे आकडे एकदम पेटवत नाही, एकामागून एक झपझप पेटवतो. डोळ्याला ते एकसंध दिसतं. कॅमेऱ्याचं शटर जलद असलं की त्या क्षणी पेटलेलेच आकडे पकडले जातात. ऑटो काढून शटर १/२५ वर बांधलं, आकडे पूर्ण आले. फ्रिक्वेन्सी ६० हर्ट्झवर होती, आपल्याकडची वीज ५०, म्हणून ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टेही सरकत होते. तेही गेले. आकडे जास्त उजळून फुटू नयेत म्हणून एक्स्पोजर खाली आणलं.

पहाटे साडेपाचला खरा माल उतरताना तपासलं. सुरमईची क्रेट, १८.४ किलो, स्वच्छ वाचता येतं. मालकांनी तीच क्लिप पुन्हा पुन्हा लावून बघितली. बाकी पंचवीस कॅमेऱ्यांबद्दल आता ते काही विचारणार नाहीत असं दिसतंय.

१५ ऑगस्ट, शुक्रवार. बार काउंटर.

ड्राय डे. परमिट रूम बंद, त्यामुळे काउंटरवर आरामात शिडी लावता आली. एक कॅमेरा काउंटरच्या बरोबर वर, पेगचं माप आणि बाटली दोन्ही दिसतील असा. बाटल्यांच्या मागे आरसे आहेत, त्यामुळे आयआर बंद ठेवला आणि काउंटरखाली पांढऱ्या दिव्यांची एक लहान पट्टी लावली. आरशावर आयआर पडला की चित्र पांढरं फटक होतं.

१६ ऑगस्ट, शनिवार.

दहीहंडी. माजिवड्याकडून रस्ते अडलेले, डिस्क आणायला लॅमिंग्टन रोडला गेलेला पोऱ्या संध्याकाळपर्यंत आला नाही. काम बंद.

१९ ऑगस्ट, मंगळवार. पाऊस.

कालपासून धो धो. शाळांना सुट्टी, घोडबंदर ठप्प. साइटवर थांबलो होतो तेच बरं झालं, बाहेरच्या जोडण्यांची परीक्षा फुकटात झाली.

रोडकडचा आणि पार्किंगचे दोन टिकले. जंक्शन बॉक्समध्ये शिरण्याआधी वायरीला खाली झोल दिलेला आहे, पाणी झोलातूनच ठिबकतं. मागच्या गेटचा कॅमेरा दुपारी गेला. कॅमेरा आणि जोड कोरडे होते. पाणी वरच्या मजल्याच्या पाइपच्या उघड्या तोंडातून शिरून पाइपभर उतरलं होतं. तो पाइप इमारतीचा जुना, एसीवाल्यांनी कधीतरी कापून उघडा ठेवलेला. तोंड बंद केलं, खालच्या बेंडला भोक पाडलं, पाणी साचणार नाही. जोडात सिलिकॉन ग्रीस भरून पुन्हा लावला, चालू झाला.

वीज तीनदा गेली. सगळा भार मिळून तीनशे वॅटच्या आसपास: २६ कॅमेरे रात्रीचे सातेक वॅट धरले तर १८२, वर रेकॉर्डर, स्विच, राउटर. यूपीएसवर दीड तास सहज निघाला असता, जनरेटरने तेवढा वेळ मागितलाच नाही. जुन्या सिस्टीमला यूपीएस नव्हताच. वीज गेली की आधी कॅमेरे जायचे, आणि हॉटेलात हात साफ करायची सोयीची वेळ तीच.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. रेकॉर्डर, डिस्क, नेटवर्क.

साठवणुकीचा हिशेब. गल्ला, मुख्य दार, रिसेप्शनचे दोन, पार्सल, बार, कोठीचं दार, काटा हे आठ ४ एमबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला ४ मेगाबिट. एका कॅमेऱ्याचे दिवसाला ४३.२ जीबी. उरलेले १८ एच.२६५ मध्ये (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) २ एमबीपीएसवर, दिवसाला २१.६. एकूण रोज ७३४ जीबी, तीस दिवसांचे २२ टीबी. आठ-आठ टीबीच्या तीन डिस्क, चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेल्या. साध्या कॉम्प्युटरच्या डिस्क स्वस्त पडतात आणि या कामात आधी मरतात.

स्क्रीनवर प्रत्येक डिस्कपुढे ७.२७ दिसलं आणि मालकांनी लगेच विचारलं, आठाचे पैसे घेतलेस ना? कंपनी हजाराने मोजते, मशीन १०२४ ने. दोन्हींची बाइटं तीच. पटलं की नाही माहीत नाही, पण काट्यावर मासळी मोजणाऱ्या माणसाने विचारावा असाच प्रश्न होता.

जुन्या डीव्हीआरचा पासवर्ड विचारला तर रिसेप्शनिस्टने पाठ म्हणून दाखवला. एक ते पाच आकडे. राउटरवर पोर्ट थेट बाहेर उघडलेला. ॲपमध्ये कोणकोण जोडलेलं आहे ते काढलं, तर दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या मॅनेजरचा फोन अजून चालू. तो घरी बसून लॉजचा बोळ बघू शकत होता. बघत होता का, कोणास ठाऊक.

मालकांना वाटत होतं आपल्या हॉटेलात कोणाला एवढा रस. त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. ऑक्टोबर २०१६ मध्ये असेच फॅक्टरी पासवर्डचे कॅमेरे आणि डीव्हीआर हजारोंनी एकत्र करून ‘मिराय’ने इंटरनेटची एक मोठी सेवा पाडली, ट्विटर-नेटफ्लिक्स काही तास लोकांना उघडत नव्हते. आणि याच वर्षी फेब्रुवारीत राजकोटच्या एका प्रसूतिगृहातलं तपासणीच्या खोलीचं फुटेज बाहेर विकलं गेलं. दुसऱ्या गोष्टीनंतर ते काही बोलले नाहीत.

कॅमेऱ्यांचं नेटवर्क गिऱ्हाइकांच्या वायफायपासून वेगळ्या व्हीलॅनवर. पोर्ट फॉरवर्डिंग आणि यूपीएनपी, म्हणजे इंटरनेटवरून थेट आत यायच्या वाटा, बंद. ॲडमिनचा पासवर्ड मालकांकडे, बंद पाकिटात, तिजोरीत. मॅनेजरला बघण्याचा आणि मागे जाण्याचा अधिकार, पुसण्याचा नाही. रिसेप्शनला फक्त लाइव्ह. मालकांच्या मोबाइलवर सगळं, गावाहून बघतील.

रेकॉर्डरचं घड्याळ राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या टाइम सर्व्हरला जोडलं, कॅमेरे रेकॉर्डरकडून वेळ घेतात. ३७ मिनिटांचा फरक घेऊन कोणी कोर्टात उभं राहू शकत नाही.

कॅमेऱ्यांची कागदपत्रं फाइलला लावली. एप्रिलपासून कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेच्या चाचण्या सक्तीच्या झाल्यात, त्यामुळे जुना साठा स्वस्तात खपवायला बरेच जण बसलेत. एकाने मला निम्म्या भावात देऊ केला होता. बिलावर मॉडेल नंबर लिहायला मात्र तयार नव्हता.

२६ ऑगस्ट, मंगळवार. ताबा दिला.

उद्या गणपती. कर्मचाऱ्यांपैकी निम्मे रात्रीच्या गाडीने कोकणात निघालेत, त्यामुळे शिकवायला मॅनेजर, कॅप्टन आणि रिसेप्शनची ताई एवढेच.

मी बटणं शिकवत नाही, शोधायला लावतो. आज दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी पार्सल काउंटरवर कुठला डबा गेला, काढा. कॅप्टनने पटकन काढलं. पेन ड्राइव्हवर उतरवताना तो रेकॉर्डरच्या कंपनीच्याच फॉरमॅटमध्ये उतरवत होता, जो घरच्या कॉम्प्युटरवर प्लेअरशिवाय उघडत नाही. एमपी-४ निवडायला शिकवलं, पण मूळ फाइलही ठेवायची.

पाट्या लावल्या, मराठी-इंग्रजीत, दारावर आणि लॉजच्या जिन्यावर. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा झालाय, ऑगस्ट २०२५ पर्यंत तरी त्याचे नियम आलेले नव्हते. पाटी मात्र आत्तापासून असलेली बरी, आणि लॉजच्या पाहुण्यांना ती बघून हायसं वाटतं. खोलीत कॅमेरा नाही हेही त्याच पाटीवर लिहिलं, ते मालकांचं सुचवणं.

११ सप्टेंबर, गुरुवार. पहिलं फुटेज बाहेर.

पितृपक्ष, हॉलला एकही बुकिंग नाही. राहिलेलं सीलिंगचं पॅनल बसवायला आलो होतो, तेवढ्यात पोलिस ठाण्याचे हवालदार आले. समोर रोडवर दुचाकी चोरीला गेलीय, आदल्या रात्री साडेअकरा ते एकचं फुटेज हवं. मॅनेजर लगेच पेन ड्राइव्ह देऊ लागला. थांबवलं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली पत्र असतं, ते आधी घ्यायचं, आवक नोंदवायची. हवालदारसाहेबांनी हरकत घेतली नाही, अर्ध्या तासात पत्र आलं.

रोडकडच्या आणि पार्किंगच्या मिळून तीन कॅमेऱ्यांचं तेवढ्या वेळाचं काढलं, सगळ्या हॉटेलचं नाही. मूळ फाइल, एमपी-४ आणि दोन्हींचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलमध्ये जरा बदल झाला तरी बदलणारा तिचा आकडा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे जे प्रमाणपत्र लागतं त्याचा भाग ‘अ’ उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, म्हणजे मालकांनी. त्यात हॅश लिहायची जागाच आहे. भाग ‘ब’ तज्ज्ञाचा, तो कोणाकडून घ्यायचा ते पोलिस बघतील. रेकॉर्डरची वेळ आणि मोबाइलची वेळ शेजारी ठेवून फोटो काढला, फरक नव्हता. आमच्याकडे एक प्रत वेगळ्या डिस्कवर, नाहीतर महिन्याने वर नवं लिहिलं जाईल आणि तारखेला कोर्टात बोलावणं येईल तेव्हा हातात काही नसेल.

फुटेजमध्ये गाडी ढकलत नेणारे दोघे दिसतात. चेहरे ओळखण्याइतके नाहीत, तो कॅमेरा रोडसाठी आणि रुंद आहे, त्याचं काम कोण कुठून आलं आणि कुठे गेलं एवढंच. गाडी माजिवड्याच्या दिशेने गेली हे त्याने सांगितलं. पोलिसांना तेच हवं होतं, पुढच्या सिग्नलचे कॅमेरे त्यांना बघायचे होते.

२० सप्टेंबर, शनिवार.

देखभालीचा करार झाला. बाहेरच्या काचा महिन्याला पुसायच्या, मेट्रोची धूळ संपेपर्यंत पंधरा दिवसांनी. भटारखान्याच्या दर आठवड्याला, कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण, स्पिरिट नको. दर महिन्याच्या एक तारखेला मॅनेजरने तीस दिवसांपूर्वीची एक क्लिप उघडून बघायची आणि वहीत सही करायची.

गल्ल्यामागचा मोठा टीव्ही राहिलाय. ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २२ तारखेपासून २८ चा १८ टक्के होतोय, त्याच दिवशी घटस्थापना, तेव्हा मालक सोमवारीच घेणार. त्यावर गिऱ्हाइकांना दिसतील असे फक्त मुख्य दार आणि पार्किंग ठेवायचे, लॉजचा बोळ नाही. वायर काढून ठेवलीय, स्टँडची भोकं टीव्ही आल्यावर. उरलेला चेकही तेव्हाच.